संघाच्या ई-मेलची किल्ली कुणाकडे?



या महिन्याचा पाठ सुरू करण्याआधी एक प्रश्न. आपल्या गटाची पत्र्याची पेटी कुणाकडे असते? आणि तिची किल्ली कुणाकडे असते? कुठल्याही गटात विचारा, उत्तर एकच येतं. पेटी एकीच्या घरी, किल्ली दुसरीच्या घरी. कुणावर अविश्वास म्हणून नाही. उद्या एखादी आजारी पडली, माहेरी गेली किंवा तिच्यावर नको तो आळ आला, तर गट अडू नये आणि तीही अडचणीत येऊ नये, म्हणून.

आता दुसरा प्रश्न. आपल्या संघाचा ई-मेल कुणाच्या नावावर आहे? त्याची किल्ली कुणाकडे आहे? गेल्या श्रावणात मुरगूडच्या मासिक बैठकीत हा प्रश्न निघाला, तेव्हा सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. सुरुपलीच्या एक काकू म्हणाल्या, "आगं पोरी, त्ये कॉम्प्युटरचं काम तुमचं. आमाला काय ठावं?" खरं सांगायचं तर मलाही ठाऊक नव्हतं. आणि तिथेच आपलं चुकलं होतं.

काय घडलं होतं

यमग्याच्या एका गटाने प्रदर्शनात स्टॉल मिळावा म्हणून अर्ज केला होता. मिरची आणली, वाळवली, कांदा-लसूण चटणीची तयारी झाली. चाळीस किलो माल पॅक करून ठेवला. पत्र काही येईना. शेवटी फोन केला तर समजलं की निवड झाली होती, पत्र ई-मेलने पाठवलं होतं, चार दिवसांत होकार कळवायचा होता, पण आपला पत्ता चालत नाही म्हणून पत्र परत गेलं. स्टॉल दुसऱ्यांना मिळाला. चटणी शेवटी गावोगावच्या बाजारात, मिळेल त्या भावाने विकावी लागली. त्या गटातल्या एक ताई मला म्हणाल्या, "मिरची आमची, मेहनत आमची, आणि पत्र कुठं अडलं त्येच आमाला कळंना."

शोध घेतला तेव्हा एकेक गोष्ट पुढे आली. काही वर्षांपूर्वी ज्यांनी संघाची वेबसाइट करून दिली, त्यांनी संघाचं इंटरनेटवरचं नाव स्वतःच्या ई-मेलवर आणि मोबाईलवर घेतलं होतं. त्या नावाचे पैसे दरवर्षी भरावे लागतात. आठवणीचे निरोप त्यांना जायचे. त्यांनी धंदा बदलला, निरोप बघितले नाहीत, मुदत संपली आणि नाव बंद पडलं. ई-मेलचा पासवर्ड आपल्या आधीच्या ऑपरेटर ताईंच्या वहीत होता. त्या लग्न होऊन पुण्याकडे गेल्या. त्यांनी बिचारीने फोनवर पासवर्ड सांगितला, पण उघडायला ओटीपी लागत होता आणि तो त्यांच्या जुन्या सिमवर जात होता. ते सिम कधीच बंद झालेलं. बंद पडलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याला देते. म्हणजे आपल्या संघाचा ओटीपी कुणा अनोळखी माणसाच्या मोबाईलवर वाजत होता!

यात चोर कुणी नव्हतं. पेटी आणि किल्ली दोन्ही एकेका माणसाकडे होत्या, आणि संघाकडे त्याची नोंद नव्हती. इतकंच.

तीन गोष्टी वेगवेगळ्या ओळखा

ई-मेल म्हटलं की आपण एकच गोष्ट समजतो. खरं तर त्यात तीन गोष्टी आहेत.

पहिली, नाव. ई-मेलच्या पत्त्यात मधोमध जे गोल वेटोळ्यातलं चिन्ह असतं, त्याला 'ॲट' म्हणतात. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या रे टॉमलिन्सन या इंजिनिअरने ते पत्त्यात पहिल्यांदा वापरलं. चिन्हाच्या आधी माणसाचं किंवा कामाचं नाव आणि नंतर घराचं नाव. या घराच्या नावाला 'डोमेन' म्हणतात. डोमेन म्हणजे आपला सातबारा समजा. ते ज्याच्या नावावर, तो मालक. फरक एवढाच की याची मुदत असते. वेळेत पैसे भरले नाहीत तर काही दिवस सवलत मिळते, मग जादा पैसे पडतात आणि शेवटी ते नाव कुणीही घेऊ शकतं.

दुसरी गोष्ट, खोली. पत्रं जिथे साठतात तो कॉम्प्युटर, म्हणजे सर्व्हर. तो चोवीस तास चालू लागतो.

तिसरी, किल्ली. पासवर्ड, ओटीपी जाणारा मोबाईल नंबर, आणि पासवर्ड विसरल्यावर खातं परत मिळवण्याचा पत्ता.

नाव तेच ठेवून खोली बदलता येते, हे लक्षात ठेवा. केंद्र सरकारनेही हेच केलं. सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची ई-मेल खाती झोहो या चेन्नईच्या कंपनीच्या व्यवस्थेवर गेल्याच्या बातम्या २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये आल्या. पण पत्त्यातलं सरकारी नाव तेच राहिलं. पत्र पाठवणाऱ्याला काही बदलावं लागलं नाही. म्हणून म्हणते, खोली भाड्याची चालेल, नाव मात्र आपलंच पाहिजे.

स्वतःचा सर्व्हर ठेवायचा का?

बैठकीत एक ताईंनी चांगला मुद्दा काढला. "आपला कॉम्प्युटर हाय की ऑफिसात. त्यातच ठेवू. भाडं कशाला?"

कॉम्प्युटरवर सर्व्हर चालवता येतो, हे खरं. पण मुरगुडात लाईट गेली की पत्रं थांबणार. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये आपल्या जिल्ह्याने महापूर बघितला आहे. वेदगंगेचं पाणी चढलं की आपली पहिली धावपळ माणसं आणि जनावरं हलवण्याची असते, कॉम्प्युटरची नव्हे. शिवाय रोज नवे व्हायरस, नवे चोर. त्यावर लक्ष ठेवणारं माणूस आपल्याकडे नाही. आणि घरगुती इंटरनेटवरून आलेलं ई-मेल मोठ्या कंपन्या बहुतेक वेळा दारातच अडवतात.

आपल्याच जिल्ह्यातलं एक उदाहरण सांगते. वारणानगरला १९९८ मध्ये 'वायर्ड व्हिलेज' हा प्रकल्प सुरू झाला. वारणेच्या सहकारी संस्थांच्या परिसरातली सुमारे ७० गावं कॉम्प्युटरने जोडायची, गावात केंद्र उघडायचं आणि शेतकऱ्याला उसाची माहिती तिथेच द्यायची. त्या काळात ही फार मोठी उडी होती. पण पुढे दिसलं की शेतकरी केंद्रावर येतो तो मुख्यतः उसाचं वजन, तोडीची पावती, खताचा हिशेब अशा मोजक्या कामांसाठी. आणि खेड्यातले कॉम्प्युटर सांभाळणं महागात पडत होतं. मग काही वर्षांनी काही गावांत प्रयोग झाला. कॉम्प्युटरच्या जागी साधा मोबाईल आणि एसएमएस. तेच काम कमी खर्चात व्हायला लागलं.

यातून आपण काय घ्यायचं? कामाला पुरेल एवढंच यंत्र ठेवायचं आणि सांभाळता येईल तेच घ्यायचं. म्हणून आपण ठरवलं: नाव संघाच्या मालकीचं, सर्व्हर भाड्याचा, किल्ल्या दोघींकडे.

घर कसं बदललं

हे काम आपण कसं केलं ते क्रमाने सांगते. दुसऱ्या संघांना उपयोग होईल.

१. आधी यादी. आपला जुना पत्ता कुठे कुठे दिला आहे ते लिहून काढलं. बँक, पॅन, जीएसटी, उद्यम नोंदणी, फूड लायसन्स, वीजबिल, खरेदीदार. वाटलं होतं पाच-सहा ठिकाणं असतील, निघाली एकोणीस.

२. नाव ताब्यात घेतलं. आधीच्या माणसांना भेटलो. त्यांनी सहकार्य केलं. थकलेले पैसे भरले, त्यांच्याकडून नाव हलवण्याचा कोड घेतला आणि डोमेन संघाच्या नावावर केलं. पावती संघाच्या नावाची, पैसे संघाच्या खात्यातून. यातच नऊ दिवस गेले.

३. नव्या ठिकाणी खोल्या उघडल्या. कुणा ताईच्या नावाने पत्ता काढला नाही. कामाच्या नावाने तीन काढले: कार्यालय, हिशेब आणि विक्री. माणसं बदलतात, काम राहतं.

४. जुनी पत्रं नव्या ठिकाणी उतरवली. जुनं पत्र काढून नेलं नाही, त्याची प्रत नेली. मग मोजून बघितलं, जुन्या ठिकाणी किती आणि नव्या ठिकाणी किती. आपण रोख मोजतो तसं. मेळ बसल्यावरच पुढचं पाऊल.

५. मग पोस्टमनला नवा पत्ता सांगितला. प्रत्येक डोमेनची एक नोंद इंटरनेटवर असते, 'या घरची पत्रं अमुक सर्व्हरवर टाका' अशी. तिला 'एमएक्स' नोंद म्हणतात. ती बदलली की पत्रं नव्या खोलीत यायला लागतात. पण जगभरचे कॉम्प्युटर जुनी नोंद काही तास, कधी दिवसभर, लक्षात ठेवतात. ती किती वेळ लक्षात ठेवायची हेही आपल्याला ठरवता येतं. म्हणून एक दिवस आधी तो वेळ पाच मिनिटांवर आणला आणि शनिवारी संध्याकाळी, बँका-कचेऱ्या बंद असताना, नोंद बदलली.

६. जुनी खोली लगेच सोडली नाही. महिनाभर दोन्ही चालू ठेवल्या. पहिल्या दोन दिवसांत सात पत्रं जुन्याच ठिकाणी आली होती. ती परत उतरवून घेतली.

एक गोष्ट इथे सांगून ठेवते, म्हणजे घाबरायला नको. सर्व्हर काही तास बंद पडला तर पत्र लगेच हरवत नाही. पाठवणारा सर्व्हर थांबून थांबून पुन्हा प्रयत्न करतो, बहुतेक चार-पाच दिवस. पण डोमेनची मुदत संपून नावच बंद पडलं, तर पत्र थेट परत जातं. यमग्याच्या ताईंचं तेच झालं.

माझी चूक

सगळं झालं म्हणून मी खूश होते. पुढच्या आठवड्यात निढोरीच्या एका गटाच्या कर्जाची कागदपत्रं बँकेला ई-मेलने पाठवली. दोन दिवसांनी शाखेत गेले तर साहेब म्हणाले, "मॅडम, काहीच आलं नाही." मला वाटलं, त्यांनीच बघितलं नसेल. मी थोडी रागावूनच बोलले. मग त्यांनी माझ्यासमोर स्पॅमची घडी उघडली. आमचं पत्र तिथे पडलेलं! प्रकरण आठवडाभर पुढे गेलं. चूक माझी होती.

झालं असं की पत्र येण्याची नोंद मी बदलली, पण पत्र पाठवण्याची नोंद जुनीच राहिली. ई-मेलमध्ये दुसऱ्याच्या नावाने पत्र पाठवणं फार सोपं असतं. म्हणून पत्र घेणारा सर्व्हर तीन गोष्टी तपासतो.

एक, एसपीएफ. आपल्या संघाची पत्रं कोणते सर्व्हर नेऊ शकतात त्यांची यादी. गटाचे पैसे बँकेत भरायला कोण जाईल याचा ठराव असतो ना, तसं. यादीत नसलेलं कुणी आलं की शंका येते. माझ्या यादीत जुनाच सर्व्हर होता.

दोन, डीकेआयएम. पत्रावरचा शिक्का. वाटेत कुणी मजकूर बदलला तर शिक्का जुळत नाही.

तीन, डीमार्क. यादी आणि शिक्का जुळला नाही तर काय करायचं, बाजूला टाकायचं की परत पाठवायचं, ही आपली सूचना.

जीमेल आणि याहूने २०२४ च्या फेब्रुवारीपासून हे नियम कडक केले. दिवसाला हजारोंनी ई-मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही गोष्टी सक्तीच्या, आणि आपल्यासारख्या छोट्यांनाही यादी किंवा शिक्का, एक तरी हवाच. आपण तिन्ही लावून घेतल्या. हे तांत्रिक काम सर्व्हरवाले करून देतात. पण "केलं का?" हे विचारणं आपलं काम. त्या साहेबांची मी दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागितली.

आता रोजचा कारभार

घर बदलणं एकदाच होतं. सांभाळणं कायमचं. संघाच्या बैठकीत ठराव करून हे नियम इतिवृत्तात लिहिले आहेत.

• मुख्य किल्ली दोघींकडे, एक सचिव आणि एक लेखापाल. दोघींचे पासवर्ड वेगळे. एकीचा फोन हरवला तरी दुसरी उघडू शकते.

• ओटीपीचा नंबर संघाच्या सिमचा. त्याचं रिचार्ज संघाच्या खर्चातून. ते सिम कुणाच्या घरच्या फोनमध्ये टाकायचं नाही.

• खातं परत मिळवण्याचे कोड कागदावर लिहून, पाकीट बंद करून, अध्यक्षांच्या सहीसह कपाटात. पाकीट उघडलं तर कुणी, का, कधी ते रजिस्टरला लिहायचं.

• डोमेन आणि सर्व्हरच्या मुदतीची तारीख ऑफिसच्या भिंतीवर, कालनिर्णयवर लाल पेनाने. वार्षिक खर्चाच्या अंदाजपत्रकात त्याची वेगळी ओळ.

• सोमवार आणि गुरुवारी आलेली पत्रं बघायची. स्पॅमची घडीसुद्धा उघडायची. गटाचं पत्र असेल तर त्याच दिवशी सीआरपी ताईंना फोन.

• महिन्यातून एकदा सगळ्या पत्रांची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर. ती डिस्क ऑफिसात ठेवायची नाही, उंचावरच्या दुसऱ्या गावात ठेवायची.

• कुणी काम सोडलं की त्याच दिवशी पासवर्ड बदलायचा. हा अपमान नव्हे. उद्या काही झालं तर तिच्यावर बोट येऊ नये, यासाठी.

आणखी एक. आपल्या ई-मेलमध्ये सगळ्यांची आधारकार्डं, पासबुकं, फोटो असतात. ती सायबर कॅफेत उघडायची नाहीत. कुणी फोन करून "तुमचा ई-मेल बंद होणार, ओटीपी सांगा" म्हणालं तर फोन ठेवून द्यायचा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या नंबरवर फोन करायचा.

आमच्या गटाचं काय?

सगळ्या गटांना डोमेन घ्यायची गरज नाही. जीमेलचं फुकटचं खातं गटाला पुरतं. पण त्यालाही नियम लावा. खातं गटाच्या नावाने काढा. कुणाच्या मुलाच्या खात्यावरून लायसन्स काढू नका. मुलगा नोकरीला गेला की लायसन्सही गेलं समजा. दोन जणींना पासवर्ड माहीत असू दे. आणि खातं वापरत राहा. दोन वर्षं न उघडलेलं खातं गूगल पुसून टाकू शकतं. ज्या गटांनी पाच वर्षांपूर्वी उद्यमसाठी खातं काढलं आणि परत उघडलं नाही, त्यांनी हा पाठ वाचून झाल्यावर आजच बघावं.

पुढच्या बैठकीत करायचं काम

वहीत एक पान घ्या आणि ही उत्तरं सगळ्यांसमोर लिहा. उत्तर नसेल तर 'माहीत नाही' असंच लिहा, लाजू नका. आमच्याही पानावर आधी तेच होतं.

१. गटाचा ई-मेल पत्ता काय? सगळ्यांना वाचता येतो का?
२. तो कुणी, कोणत्या मोबाईल नंबरवर काढला? तो नंबर आज चालू आहे का?
३. पासवर्ड किती जणींना माहीत आहे?
४. हा पत्ता कुठे कुठे दिला आहे?
५. शेवटचं कधी उघडला होता?

दुसऱ्या प्रश्नाला 'नंबर बंद' असं उत्तर आलं तर थांबू नका. खातं उघडत असेल तोवरच नंबर बदलता येतो. पान घेऊन संघाच्या ऑफिसला या, सोमवारी किंवा गुरुवारी. आपण बसून करू.

यमग्याच्या ताईंनी यंदा परत अर्ज केला आहे. मागच्या गुरुवारी त्या स्वतः ऑफिसला आल्या, खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "उघड बघू, आमचं काय आलंय का?" काही आलं नव्हतं. मग मी त्यांना माऊस दिला आणि स्पॅमची घडी कुठे असते ते दाखवलं. आता त्या दर गुरुवारी येतात आणि स्वतःच उघडून बघतात.

तुमची,
क्षेत्र समन्वयक, मुरगूड